आबांच्या सदऱ्याचा उजेड

रूपाली उजगरे उंचीला कमी. म्हणजे इतकी कमी की वडवणीच्या बसस्टँडजवळच्या तिच्या स्टुडिओत ती कॉम्प्युटरमागं बसलेली असली की गिऱ्हाईक दारातनंच ओरडतं, "दुकानात कुणी हाय का न्हाई?" आणि मॉनिटरच्या मागनं आवाज येतो, "हाय की, आत या."

पण त्याच उंचीनं तिला धंदा दिला. तालुक्यात फ्लेक्स किती लागतात ते सांगायला नको. वाढदिवस, निवड, दहावी पास, काहीही. आणि फ्लेक्सवरचा पुढारी नेहमी खालून काढायचा असतो, छाती रुंद दिसते, हनुवटी वर जाते, मागं आभाळ येतं. बाकीचे फोटोग्राफर त्यासाठी गुडघे टेकतात, पँट मळवून घेतात. रूपाली नुसती उभी राहते. लोक म्हणायचे, रूपालीनं काढला की साधा सोसायटीचा चेअरमन पण आमदार वाटतो.

बायकांचे फोटो काढताना ती कॅरेटवर चढायची. टमाट्याचं प्लास्टिकचं कॅरेट, निळं, स्कुटीला कायम बांधलेलं. बाई खाली बसलेली, रूपाली कॅरेटवर, कॅमेरा वरून खाली. वरून काढलं की चेहरा बारीक दिसतो, डोळे झुकलेले दिसतात, सासरच्यांना आवडतं. हे तिनं कधी ठरवून केलं नव्हतं. सगळेच तसं काढतात म्हणून ती पण.

शिकली ती धारूरच्या आप्पाराव फोटोवाल्याकडं. लग्नाच्या सीझनला त्याच्यासोबत लाईट धरायला जायची. लोक तिच्या बापाला, शहादेवला विचारायचे, "पोरगी कॅमेरे घेऊन गावोगाव हिंडायली, कावून?" शहादेव यष्टीच्या वर्कशॉपात कामाला, बोलायला कंजूष माणूस. तो एवढंच म्हणायचा, "तिला येतंय म्हणून." आणि आप्पाराव पण जास्त बोलायचा नाही, पण एक गोष्ट त्यानं तिच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखी बसवली होती. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला पाहिजे. "ठिपका नसला ना पोरी, मग जित्तं माणूस बी मेल्यावाणी दिसतंय. आधी डोळे बघ, मग दागिने."

तर टेकाडवाडीची सरपंचाची निवडणूक लागली आणि सुंदरराव आबा दुकानात आले. टेकाडवाडीचे मोठे शेतकरी, कायम कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. सीट यावेळी अनुसूचित जातीच्या महिलेला सुटली होती. आबांनी वस्तीतल्या प्रवीणच्या बायकोला, वनिताला उभं केलं होतं. चिन्ह शिलाई मशीन.

"ताईंना घेऊन या ना आबा, नवा फोटो काढते," रूपाली म्हणाली.

"ती कशाला पायजे? कापूस येचायला गेली असंल. पव्या पाठवील तुला व्हाट्सपवर."

प्रवीणनं पाठवला तो लग्नातला फोटो, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. शेजारचा प्रवीण कापला तर वनिताचा खांदा पण कापला गेला. रूपालीनं खांदा कुठनं तरी जोडला, चेहरा गोरा केला, जसा सगळ्यांचा करते तसा, ओठ लाल, डाग गायब. आबा वरती, बैलगाडीच्या चाकाएवढे. खाली हात जोडलेला प्रवीण. आणि कोपऱ्यात लाडूएवढी वनिता. फ्लेक्स गेला, गावाच्या येशीवर लागला, विषय संपला.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी एक बाई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. सावळी, कपाळावर जुन्या जखमेची आडवी खूण, उन्हानं ओठ फुटलेले, हातावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून म्हणाली, "जयभीम."

"जयभीम ताई, बसा. पासपोर्ट काढायचाय का?"

ती बाई बसली नाही. "वळखलं न्हाई ना?"

"न्हाई. कुठल्या तुमी?"

"येशीवरली," ती म्हणाली. "कोपऱ्यातली."

रूपालीला एकदम गरम झालं. तासभर, अख्खा तासभर तिनं या बाईचा चेहरा स्क्रीनवर मोठा करून करून घासला होता, नाकाची कड, भुवईचा केस न् केस, आणि तीच समोर उभी राहिली तर ओळखू आली नाही. कपाळावरची खूण तर तिनंच पुसली होती.

मग वनितानं सांगितलं काय झालं ते. कापसावरनं बायका परत येत होत्या. सगळ्या येशीवर थांबून फ्लेक्स बघायला लागल्या. सोबत वनिताची सासू सरूबाई. म्हातारीनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "पव्याच्या शेजारी ही कोण गोरी बया बसवलीया गं?"

"माझी सासू हाय ती," वनिता म्हणाली. "रोज माझ्या हातची भाकर खाती. बायका लई हसल्या. मी बी हसले. घरी न्हाई गेले मग, तशीच काळीपिवळी जीपीत बसून आले. मला माझा फोटो पायजे. मी गावात दारोदार जायले ना, तर बायांना कळाया पायजे की येशीवरली आन् दारातली एकच हाय."

रूपालीनं लगेच तिला आतल्या पडद्यासमोर बसवलं. लाईटची छत्री लावली, फ्लॅश लावला, कॅरेटवर चढली. फ्लॅश उडाला की वनिताची मान खाली. हसा म्हटलं की ओठ ताणले जायचे आणि डोळे जमिनीला चिकटायचे. वर बघा म्हटलं की पोलिसानं उभं केल्यासारखी बघायची. शेवटी रूपालीनं कॅमेरा बाजूला ठेवला.

"इथं न्हाई होणार ताई. मी सकाळी तुमच्याकडं येते. आन् तुमचा फोटो झाल्याबिगर मी तिथनं उठणार न्हाई, चालतंय?"

"बघ बरं. जेवाय घालावं लागंल मग मला," वनिता म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. कॅमेरा तेव्हा बॅगेत गेला होता.

रात्रभर रूपालीला एकच गोष्ट खात होती. आपण आबांना खालून काढतो आणि हिला वरून. मग ही बघणार कुठं, जमिनीकडंच ना.

सकाळी ती स्कुटीवर टेकाडवाडीला गेली. गावाअलीकडचा पूल फुटलेला, तिथं खड्ड्यात स्कुटी आदळली आणि मागं बांधलेला थर्माकोल, जो उजेड परतवायला लागतो, तो तुटून ओढ्यात गेला. कॅरेट तेवढं राहिलं.

वनिताच्या घराला पत्र्याची पडवी. रूपालीनं आधी कॅमेरा काढलाच नाही. स्वतःचा हात समोर धरून पडवीभर फिरली, तळहातावर उजेड कुठं कसा पडतो ते बघत. सरूबाई म्हणाली, "भविष्य बघायलीस का काय गं?"

"उजेड बघायले आजी."

उजव्या बाजूनं मोकळ्या आभाळाचा उजेड येत होता, मऊ, डोळे न दिपवणारा. तिथंच वनिताला सतरंजीवर बसवलं. मागं बरंच अंतर सोडून घराचं अंधारं दार, म्हणजे मागचं काही नजरेला टोचणार नाही. रूपालीनं मोठी लेन्स लावली आणि लांब सरकली. जवळनं काढलं की नाक मोठं येतं आणि माणूस बिचकतं ते वेगळंच. कॅमेऱ्यात उजेड मोजला तो चेहऱ्यावरचा, अंगणातल्या उन्हाचा नाही. कॅमेऱ्याला अक्कल नसते, ऊन दिसलं की घाबरून सगळ्यांनाच काळं करतो, मग लोक बसतात गोरं करत. चेहरा सावळा आहे ना, मग त्या सावळ्याला पुरेल एवढा उजेड द्यायचा. बस.

आणि कॅरेट तिनं लाथेनं बाजूला सारलं. अंगणात मातीतच मांडी घालून बसली. लेन्स आता वनिताच्या डोळ्यांच्या रेषेत. वरही नाही, खालीही नाही.

तरी जमेना. उजवा गाल छान, डावी बाजू मात्र कोळशासारखी. डावा डोळा नुसता खड्डा, ठिपका नाही. थर्माकोल ओढ्यात. सरूबाईनं पत्र्याचा डबा धरून बघितला, हात थरथरला की उजेड नाचायचा.

तेवढ्यात फाटकातनं आवाज आला. "काय चाललंय?"

सुंदरराव आबा. वनिता चटकन अर्धी उठली, पदर पुढं, मान खाली. तिचं अंगच उठलं, तिनं ठरवायच्या आधी.

"नवा फोटो काढायलोत आबा," रूपाली म्हणाली.

"जुन्याला काय झालतं? लई गोरीपान दिसती की त्याच्यात."

वनिता जमिनीकडं बघत म्हणाली, "माझी सासू वळखंना मला."

"सासूनं न्हाई वळखलं तर न्हाई. मला वळखतेत ना? मतं मला बघून पडतेत बाई. फ्लेक्स माझा हाय, राहू दे हाय तसा."

सरूबाईनं डबा खाली ठेवला. मग वनिता, अजून जमिनीकडंच बघत, हळू म्हणाली, "मग अर्ज बी तुमीच भरायचा होता आबा."

टोमणा नव्हता तो. साधं सांगितल्यासारखं. आबा दोन पावलं पुढं आले, आणि रूपालीला जे दिसलं ते फक्त तिलाच दिसलं. आबा अंगणातल्या उन्हात आले तसा वनिताच्या डाव्या गालावर उजेड चढला. कडक पांढरा सदरा, धोतर, टोपी. पाच फूट दहा इंचाचा थर्माकोल.

"आबा, तिथंच थांबा," रूपाली म्हणाली. "हालू नका."

"कावून? माझा बी काढायलीस का?"

"हौ. तुमी बी येणार फोटोत. जरा डावीकडं सरका. अजून. हां, आता फिरू नका."

फोटोत येणार म्हटल्यावर आबांनी सदरा खाली ओढला, टोपी सारखी केली, हात जोडले, हनुवटी वर. सवयच ती. लेन्स आपल्याकडं नाही हे त्यांच्या लक्षात आलं तोवर ते उन्हात नीट उभे राहिलेले होते.

"ताई, बसा तुमी."

वनिता अर्धी उठलेलीच होती. आबा उभे आणि आपण बसायचं, हे त्या गावात कधी झालं नव्हतं. ती आबांच्या पायाकडं बघत राहिली. सरूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. "बस गं. इतक्या वर्षांत आबांचा उजेड आज पडायलाय, वाया जाईल."

"सरूबाई, तोंड लई चालतंय तुझं," आबा म्हणाले, पण हनुवटी वरच ठेवून.

वनिता बसली. तिनं पदर मागं सारला, कपाळावरची खूण उघडी झाली. नजर सतरंजीवरनं उठली, आबांच्या चपलांवर गेली, धोतरावर, जोडलेल्या हातांवर, तोंडावर. तिथं थांबली. आबांनीच नजर काढून घेतली. मग ती नजर कॅमेऱ्याच्या काचेत आली.

"आता सांगा ताई," रूपाली मातीतनं म्हणाली. "सरपंच झाल्यावर पयलं काय करणार?"

"पूल," वनिता म्हणाली. "पुलापाशी यष्टी माघारी फिरती. पोरी आठवीनंतर घरी बसतेत."

ती हसली नाही. रूपालीनं बटण दाबलं.

आबा घाम पुसत लगेच आले. "दाव बघू. कसा आलोय?" कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर नुसती वनिता. "मी कुठाय?"

रूपालीनं फोटो मोठा केला. गाल गेले, नाक गेलं, नुसते डोळे राहिले. अजून मोठा केला. डाव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात तिळाएवढा एक पांढरा माणूस उभा, टोपीसकट.

आबा बराच वेळ बघत राहिले. "हात जोडलेले बी दिसायलेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "लई बारीक झालो गं."

"पर तुमच्यामुळंच डोळा जित्ता झाला आबा," रूपाली म्हणाली, आणि ते खरं होतं.

आबा फाटकापर्यंत गेले आणि वळले. "खाली शुभेच्छुक म्हणून नाव तेवढं टाका."

"टाकू की," वनिता म्हणाली. बसल्या जागेवरनं म्हणाली.

दुपारी दुकानात रूपालीनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. हात आपोआप माऊसवर गेला, चेहरा उजळायला. थोडासा उजळला पण तिनं, सवय ती. मग स्वतःवरच चिडून मागं घेतलं सगळं. खूण, फुटलेले ओठ, सगळं राहू दिलं. चेहरा एकटाच, पूर्ण फ्लेक्सभर, बाजूला शिलाई मशीन. खाली बारीक अक्षरात शुभेच्छुक सुंदरराव.

संध्याकाळी जुना उतरवून नवा बांधला तेव्हा बायका कापसावरनं येतच होत्या. रूपाली दोरी आवळत होती, कॅरेटवर उभी. वनिता खाली, बायकांच्यात. सरूबाई पुढं आली, कपाळावर हात धरला, वर बघितलं. म्हातारी बघत राहिली, बघत राहिली, आणि मग फ्लेक्सकडं बोट करून, शेजारी उभ्या सुनेकडं न बघताच, वर बोलली:

"वने, अशी डोळे वटारून काय बघती? येतो की आमी मतदानाला. आधी घरी चल, भाकरी टाकायच्यात."