देऊळगावकरांचे सरदार

विश्वासराव देऊळगावकर सिंगापुरात आले त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी आपल्या सरदार पणजोबांबद्दल ज्याला सांगितलं नाही, असा माणूस ईस्ट कोस्टला दिवा घेऊन शोधावा लागेल. सकाळच्या फिरण्याच्या गटाला तर ते सगळं तोंडपाठ होतं. काँडोच्या, म्हणजे राहत्या सोसायटीच्या, गेटवरच्या तमिळ वॉचमनला मराठी येत नाही आणि विश्वासरावांना तमिळ, पण म्हणून काय झालं? हातवारे करून त्यालाही तलवार दाखवून झाली होती.

स्वतः विश्वासराव म्हणजे पुण्यातल्या एका बँकेत छत्तीस वर्षं खर्डेघाशी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला साधा माणूस. बायको गेली तेव्हा लेक उल्का त्यांना इकडे घेऊन आली. उल्का रॅफल्स प्लेसला मोठ्या हुद्द्यावर, जावई मुकुल बुओना व्हिस्टाला कुठल्याशा संशोधनाच्या कंपनीत. येताना सासरेबुवांनी दोन बॅगा आणल्या. एकीत कपडे आणि दुसरीत, चार चादरींत गुंडाळलेले, सरदार.

सरदारांचा तो जुना फोटो दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागला. भरघोस मिशा, डोक्याला मंदिल, कमरेला शेला, हातात उपसलेली तलवार. नजर तर अशी की बघणाऱ्याने आपसूक पाठ ताठ करावी. कुठल्या संस्थानचे सरदार, लढाया कुठल्या केल्या, असं कुणी विचारलं की विश्वासराव म्हणायचे, ‘‘तो फार मोठा इतिहास आहे,’’ आणि चहा मागवायचे. खरं सांगायचं तर त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. ‘हे आपले सरदार,’ एवढंच वडिलांनी सांगितलेलं, त्यावर यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रुबाब उभा केला होता. मुकुल त्यांना थट्टेने ‘सरकार’ म्हणायचा. ते त्यांना मनापासून आवडायचं, म्हणजे बघा!

आता या रुबाबापायी एकदा एक गोष्ट घडली होती, ती सांगायलाच हवी. सत्तावीस वर्षांपूर्वी उल्का पुण्यात कॉलेजात होती. एकांकिका स्पर्धेत तिला मुख्य काम मिळालं. पोरगी घरभर संवाद म्हणत हिंडायची, भांडी घासतानासुद्धा. प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना विश्वासराव कॉलेजात गेले, सरांना भेटले आणि तिचं नाव काढून आले. ‘‘सरदारांच्या घराण्यातली मुलगी तोंडाला रंग फासून उभी राहणार नाही,’’ असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. उल्का रडली नाही की भांडली नाही. ‘‘तुम्ही म्हणाल तसं, बाबा,’’ म्हणाली आणि पुढे सीए झाली. त्यानंतर तिने नाटकाचं नावही काढलं नाही. ती विसरली, असं विश्वासरावांनी स्वतःला पटवून दिलं होतं. रात्री झोप लागत नसली की मात्र ते तितकंसं पटत नसे.

तर यंदा इथल्या मराठी मंडळाने ‘आमचे पूर्वज’ असा कार्यक्रम ठरवला. मंडळाचा सेक्रेटरी प्रबोध याचा फोन आला, ‘‘काका, सरदारांना घेऊन या. दहा मिनिटं तुमची.’’ दहा मिनिटं! विश्वासराव हवेत. भाषण लिहायला बसले आणि फोटो जवळून न्याहाळताना त्यांच्या काळजात धस्स झालं. इथली हवा दमट, काचेच्या आत बुरशी धरलेली, सरदारांच्या मिशीवर पांढरे ठिपके. शनिवारी उल्का त्यांना एका फ्लॅटच्या ब्लॉकखाली असलेल्या फ्रेमच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हातारा चिनी, त्याला सगळे अंकलच म्हणतात. अंकलने मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला, समोरचा कडेचा कागद वाफ देऊन अलगद सोडवला आणि इथल्या लकबीत ‘लाह’ जोडून म्हणाला, ‘‘खाली आणखी फोटो आहे, लाह. कुणीतरी मुद्दाम झाकलाय.’’

विश्वासराव चष्मा सावरून वाकले. आजवर सरदार त्यांना गुडघ्यापर्यंतच माहीत होते. आता खालचे पाय दिसले. अनवाणी, गोरे, नाजूक. आणि बोटांत जोडवी! चांगली ठसठशीत, चांदीची. पायाखाली छापलं होतं: ‘राजाच्या वेषात सुप्रसिद्ध नटी सुंदराबाई देऊळगावकरीण, आनंदलहरी स्त्री नाटक मंडळी.’ अंकलने फोटो उलटा केला. मागे शाईने दोन शब्द होते, ‘माझी आई’. अक्षर विश्वासरावांच्या आजोबांचं. त्यांची पोस्टकार्डं विश्वासरावांनी लहानपणी घरात वाचलेली, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

विश्वासराव दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले. उल्काने आधी पाय बघितले, मग मिशा, मग बाबा. आणि ती जी हसायला लागली! ‘‘बाबा, अहो सरदारांनी जोडवी घातलीयेत!’’ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अंकलही कारण न कळता हसला. मग हसू ओसरलं आणि तिने डोळे पुसले. आता ही बोलेल, आता ते सत्तावीस वर्षांपूर्वीचं काढेल, म्हणून विश्वासराव जीव मुठीत धरून बसले. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

अंकलने विचारलं, ‘‘पूर्वीसारखं झाकू, की सगळं दाखवू?’’

‘‘होतं तसंच करा,’’ विश्वासराव घाईघाईने म्हणाले. ‘‘काय गं?’’

‘‘तुम्ही म्हणाल तसं, बाबा,’’ उल्का म्हणाली.

तेच वाक्य, तोच आवाज. घरी येईपर्यंत ते विश्वासरावांच्या कानातून जाईना.

मंगळवारी संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी उल्काने काही कागद ठेवले आणि ती आत निघून गेली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली होती, हल्ली ती कॉम्प्युटरवर मिळतात. विश्वासराव वाचू लागले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली जाहिरात: ‘लोकाग्रहास्तव सुंदराबाईंचे आणखी चार खेळ. बायकांस बसण्याची निराळी सोय.’ पाठोपाठ दुसऱ्या गावची, तिसऱ्या गावची. कंपनीत सगळ्या बायकाच आणि राजे, प्रधान, सेनापती सगळं त्याच करायच्या. एका गृहस्थाने तर संपादकांकडे तक्रार केली होती की सुंदराबाईंचा राजा पाहून आल्यापासून आमचं कुटुंब रोज आम्हाला ‘जरा तसं चालून दाखवा’ म्हणतं, तरी याचा बंदोबस्त व्हावा. विश्वासरावांना हसू फुटलं. चांगले खो खो हसले. पणजी भलतीच बहाद्दर! बाईने गावोगाव नाव काढलं, आणि ज्या आडनावाची ऐट आपण आयुष्यभर मिरवली तेसुद्धा तिचंच.

मग त्यांना आजोबांचा राग आला. एवढ्या नावाजलेल्या आईचे पाय कागद चिकटवून झाकायचे? लाज वाटली मेल्याला! राग पाच मिनिटं टिकला. मग त्यांनी कागद खाली ठेवले. आजोबांनी निदान मागे ‘माझी आई’ लिहून ठेवलं होतं. आपण काय केलं? आपण आठ दिवस आधी जाऊन नाव खोडून आलो. विश्वासरावांना भडभडून आलं, आणि आतल्या खोलीत जाऊन लेकीला हाक मारायचं धैर्य काही झालं नाही.

गुरुवारी ते एकटेच बसने दुकानात गेले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी अंकलला सांगितलं की सगळं दाखवा, पाय, नाव, सगळं, आणि फ्रेम मोठी करा. घरी कुणाला काही बोलले नाहीत.

शनिवारी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. उल्का आणि मुकुल तिसऱ्या रांगेत. विश्वासरावांनी फोटोवरचं फडकं काढलं, आणि उल्का खुर्चीत पुढे सरकली.

‘‘मंडळी, ज्यांना मी सहा वर्षं सरदार म्हणून तुमच्या माथी मारलं, ती माझी पणजी,’’ विश्वासराव म्हणाले. ‘‘पाय बघा.’’ हॉल आधी चकित झाला आणि मग हास्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या बॅडमिंटनच्या हॉलमधले लोक डोकावून गेले. त्यांनी जाहिराती वाचल्या, तक्रारीचं पत्र वाचलं, टाळ्या मिळवल्या. मग कागद घडी करून खिशात ठेवला.

‘‘एक राहिलं. माझ्या मुलीला कॉलेजच्या नाटकात मुख्य काम मिळालं होतं. या सरदारांचं नाव सांगून मी ते बंद पाडलं. आज इथे सगळ्यांसमोर सांगतो, उल्का, माझं चुकलं.’’ ते पटकन खाली येऊन बसले. उल्का मान खाली घालून पर्समध्ये रुमाल शोधत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर प्रबोध धावतच आला. ‘‘काका, कमाल केलीत! अहो, आमचं गणपतीतलं नाटक अडलंय, मुख्य बाईच मिळत नाहीये, आणि तुम्ही...’’

‘‘मिळाली की!’’ विश्वासरावांना नुसतं भरून आलं होतं. ‘‘लिही नाव. उल्का देऊळगावकर. आत्ताच लिही.’’

‘‘बाबा.’’ उल्का शेजारीच उभी होती. आवाज चढलेला नव्हता, पण विश्वासरावांनी तो आवाज आजवर कधी ऐकलेला नव्हता. ‘‘तेव्हा नाव काढलंत, ते मला न विचारता. आता घालताय, तेही न विचारताच.’’

प्रबोधचं पेन हवेतच राहिलं. काय बोलायचं ते विश्वासरावांना माहीत होतं, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांत सवय कुठे होती! दोनदा खाकरले.

‘‘उल्का,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘तुला करायचंय का गं?’’

उल्काने प्रबोधच्या हातातून पेन घेतलं.

‘‘माझं नाव मी लिहिते,’’ ती म्हणाली. ‘‘तालीम कधीपासून आहे?’’