अबोलीचा रंग उन्हात

पॉलिमर क्लेला मी घरी माती म्हणते, कारण आईला ते सोपं जातं. खरं तर ती माती नव्हेच. प्लास्टिकच्या जातीचा मऊ गोळा असतो तो. छोट्या चौकोनी पाकिटात येतो, हातानं मळून आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजला की कडक होतो. आमच्या शेजारच्या काकूंचा होमस्टे आहे. तिथं उतरलेल्या एक ताई दोन दिवस ओटीवर बसून या क्लेचे मणी करत होत्या. काकूंना मदत म्हणून चहाचे कप उचलायला गेले की मी तिथंच रेंगाळायचे. जाताना त्यांनी उरलेली पाकिटं मला दिली. पुढं मी स्वतः मागवायला लागले. काकूंनी केकसाठी नवा ओव्हन घेतला तेव्हा जुना मला दिला, तोही दोनदा बजावून, "त्यात आता खायचं काही ठेवू नको हां! वास जात नाही त्या मातीचा."

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. आईबाबा दोघंही दुसऱ्यांच्या वाडीत कामाला आहेत. बाबा पोफळीवर चढून सुपारी उतरवतात. आई ती निवडते, वाळवते, सोलते. राहतोही आम्ही त्याच वाडीत, श्रीवर्धनच्या कॉलेजपासून एसटीनं अर्ध्या तासावर. हे मी कॉलेजात लपवलं नव्हतं, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलंही नव्हतं.

कानातले करणं मला आवडायचंच, पण रंग मिसळणं त्याहून जास्त आवडायला लागलं. लाल रंग फार जोराचा असतो. पिवळ्याच्या चार भागांत लालचा अर्धा भाग घातला तरी सगळं नारिंगी होऊन जातं. मग मी पेनाच्या टोपणानं क्लेच्या सारख्या चकत्या पाडायला लागले, म्हणजे किती घातलं ते लक्षात राहतं. पांढरा मळायच्या आधी हात दोनदा पुसायचे, नाहीतर आधीचा लाल बोटांवरून त्यात उतरतो. आमच्या दमट हवेत क्ले लवकर चिकट होते. तेव्हा ती ताटलीत घालून ताटली जरा वेळ माठावर ठेवायची.

एका रंगातून दुसरा हळूहळू निघतो तसा पट्टा करायलाही मी शिकले. दोन रंगांचे दोन त्रिकोण लाटायचे, तिरक्या बाजूनं एकमेकांना जोडायचे, घडी घालायची, काचेच्या बाटलीनं लाटायचं, परत घडी, परत लाटायचं. घडी दर वेळी एकाच दिशेनं. पहिल्या दहा-बारा वेळा नुसते ओरखडे दिसतात आणि वाटतं, गेलं सगळं वाया. मग केव्हातरी मधली रेघ नाहीशी झालेली असते. ती नेमकी केव्हा गेली हे मला अजून पकडता आलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजचा आठ मुलींचा समूहनृत्याचा गट माणगावला स्पर्धेला जाणार होता. साड्या भाड्यानं आणायच्या ठरल्या होत्या, पांढऱ्या, अबोली रंगाच्या काठांच्या. ब्लाउजही अबोली. बाजारात त्या रंगाचे कानातले मिळेनात. केशरी मिळत होते, गुलाबी मिळत होते. सांस्कृतिक विभागाच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, "मग सोनेरीच घालू." मी मागच्या बाकावर होते. वर्षभरात हजेरीशिवाय तोंड उघडलं नव्हतं. हात वर केला तेव्हा तो आपलाच आहे का असं मला वाटलं.

"मॅडम, मी करू शकते. म्हणजे, करून बघते."

मॅडमनी विचारलं, "आठ जोड होतील? शनिवारी स्पर्धा आहे."

"होतील."

त्यांनी ब्लाउजच्या कापडाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. मी नाचत नव्हते, त्या गटात कधी नसायचे. पण आता त्या गटाचं एक काम माझ्याकडे होतं. ते मला नीट करायचं होतं, इतकंच. इतकंच म्हणते, पण एसटीत मी तो तुकडा वहीत ठेवला आणि मधे दोनदा वही उघडून आहे ना ते बघितलं.

तीन दिवस मी पडवीत बसून रंग जुळवला. सहा चकत्या पिवळ्या, दोन लाल, पाच पांढऱ्या. कापडाशेजारी धरलं तर फिकं वाटलं. लाल वाढवला. अजून जरासा. शेवटी गोळा कापडावर ठेवला आणि तो कापडात हरवल्यासारखा झाला. मला फार आनंद झाला. अबोलीच्या फुलासारख्या सोळा चकत्या कापल्या, सुईनं पाकळ्या ओढल्या, भाजल्या, हुक लावले आणि कापूस घालून एका डब्यात ठेवल्या.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या मैदानावर तालीम होती. साड्याही आल्या होत्या. एका मुलीनं उत्साहानं जोड उचलला आणि ब्लाउजशेजारी धरला. मीही बघितलं. ब्लाउज अबोली होता. माझे कानातले टोमॅटोसारखे होते.

"हे अबोली आहे?" तिनं विचारलं.

दुसरी म्हणाली, "अगं, अबोली बोलायला लागलीय बहुतेक. ओरडतेय."

सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, मलाही ते कळत होतं. तिसरी समजुतीनं म्हणाली, "जाऊ दे गं, लांबून कोण बघतंय!" मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हे नमुने आहेत मॅडम. खरे अजून करायचेत."

ते खोटं होतं. डबा घेऊन मी निघाले. घरी येऊन पडवीत कापड काढलं, शेजारी कानातले ठेवले. परत जुळले! दुपारी टोमॅटो होते ते आता अबोली. मला वाटलं माझे डोळेच बिघडलेत.

आई पलीकडे खळ्यात उकिडवी बसून सुपारी निवडत होती. वादळात पोफळीच्या दोन रांगा पडल्या तेव्हापासून तिथं मोकळं ऊन येतं. तिनं तिथूनच विचारलं, "काय गो, तोंड का पाडलंस?"

मी सांगितलं. शेवटचं, नमुन्याचं, सोडून.

"केलंस कुठं हे?"

"इथंच. पडवीत."

आई हसायलाच लागली. "अगो, पडवीत रंग दिसतो काय? तिथं सगळा हिरवा उजेड हाय. झाडाखाली बसून सुपारी निवडली तर निमी कच्ची पिकल्यात जाईल. मी इतक्या उन्हात डोस्कं तापवत बसते, ती काय हौस हाय मला?"

"पण कापड पण तिथंच धरलं होतं ना शेजारी. दोन्ही एकाच उजेडात."

"ते मला न्हाय ठाव. तू शिकतेस." मग तिनं दोन सुपाऱ्या उचलल्या आणि मला पडवीत नेलं. तिथं दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसत होत्या. मग खळ्यात आणलं. एक पिवळीधमक होती. दुसरीच्या देठापाशी हिरवट झाक होती.

"बघ."

मी बघत राहिले. लहानपणापासून या आवारात वाढले, आणि आई खळ्यात का बसते हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिथं जागा मोठी आहे म्हणून. व्हिडिओ बघून घड्या घालायला शिकले, चकत्या मोजायला शिकले. पण पानांतून गाळून आलेल्या उजेडात लालचा कमीजास्तपणा कळतच नाही, हे त्यात कुणी सांगितलं नव्हतं. शहरात राहणाऱ्यांना सांगायची गरजही नसेल.

गुरुवारी मी लवकर गेले. स्टाफरूमच्या दारात बराच वेळ उभी राहिले. आतून मॅडम म्हणाल्या, "ये ना."

"मॅडम, ते नमुने नव्हते. तेच खरे होते. रंग चुकला माझा."

"मला वाटलंच होतं," त्या वही तपासता तपासता म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "आता होतील का? नाही म्हणालीस तरी चालेल. सोनेरी आणते मी. पण आज सांग."

घरी पांढऱ्या क्लेचा बोटाएवढा तुकडा उरला होता. नवीन मागवली तर आमच्याकडे यायला पाच-सहा दिवस. आठ जोड नव्यानं करायला तो पुरणार नव्हता. हे सगळं माहीत असून मी म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघते. नाही झालं तर तुम्हाला फोन करते." मॅडम म्हणाल्या, "बरं." रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

एसटीत बसल्यावर आठवलं, की भाजलेली क्ले पुन्हा भाजता येते. म्हणजे टोमॅटो फेकायचे नाहीत. त्यांच्यावर अबोलीचा पातळ थर चढवायचा. पातळ थराला पांढरा पुरेल. पण पूर्ण झाकण्याइतका नाही पुरणार, कडा उघड्या राहतील. मग कडेला लालच असू दे आणि आत जाता जाता तो अबोली होऊ दे. तो पट्टा मला येत होता.

त्या दुपारी आईनं सुपारी एका बाजूला सारून मला खळ्यात जागा करून दिली. पाटावर मी लाटत होते, डोक्यावर टॉवेल. ऊन मऊ क्लेला मानवत नाही. ती सारखी बाटलीला चिकटायची, आणि ताटली घेऊन माठापर्यंत फेऱ्या मारायला लागायच्या. आई मधे मधे मान वर करायची.

"अजून तांबडं हाय."

"हं."

"आता पांढरं झालं. आजारी वाटतं."

"आई, थांब ना जरा!"

"थांबले. मी काय बोलले?"

संध्याकाळ व्हायच्या आत रंग जुळला. आईनं कापड माझ्या हातातून घेतलं, पट्ट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. तिच्या बोटांना सुपारीचा चीक होता, म्हणून तिनं कापड दोन नखांत धरलं होतं. ऊन गेल्यावर मी चकत्या चढवल्या, पाकळ्या पुन्हा ओढल्या, भाजल्या. भाजताना रंग किंचित गडद होतो, तेवढी सूट या वेळी आधीच धरली होती. दोन फुलांवर बारीक तडे गेले. ते मी झाकले नाहीत, तेवढी क्लेच उरली नव्हती.

शुक्रवारी मॅडमनी एक जोड उन्हात धरून बघितला आणि सगळे मुलींना वाटून टाकले. "ही लाल कड मुद्दाम आहे?" अबोली ओरडतेय म्हणालेल्या मुलीनं विचारलं. मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं.

"नाही. खाली जुनेच आहेत. पांढरा रंग संपला होता."

"मग काढू नकोस हां ती," ती म्हणाली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून दुसरा घालायला लागली.

शनिवारी माणगावच्या हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत होते. खरं सांगायचं तर तिथून कानातले दिसलेच नाहीत. आठ मुली वळायच्या तेव्हा मानेपाशी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, ते तेच असावेत. बक्षीस मिळालं नाही. त्यानंतर खोलीत साड्या बदलायची घाई उडाली. साड्या परत जायच्या होत्या, म्हणून मॅडम ओरडून सांगत होत्या, "पिना काढा आधी! आणि कानातले डब्यात टाका, कॉलेजच्या कपाटात राहतील, पुढच्या वर्षी लागतील."

डबा माझ्याकडे होता. मी झाकण उघडून दारात उभी राहिले. साड्यांचे गठ्ठे गेले, बांगड्यांची पिशवी गेली, गजरे कचऱ्यात गेले. एकेक मुलगी माझ्या समोरून बाहेर पडत होती, जीन्स, पंजाबी ड्रेस, आणि कानात अबोली.

"अगं, कानातले," मी पहिलीला म्हणाले.

"मी नाही देणार," ती म्हणाली आणि गेली.

दुसरीनं कानावर हात ठेवून मान हलवली. तिसरीला मी विचारलंच नाही. मॅडम सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे. "पुढच्या वर्षी परत करायला लागतील तुला," त्या म्हणाल्या.

घरी पोचले तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनं डबा घेतला, हलवून बघितला. आत नुसता कापूस होता.

"जुळलं का?"

"जुळलं."

"मग हरवले कुठं?"

"हरवले नाहीत. मुलींनी ठेवून घेतले."

आईनं डबा उलटा करून कापूस बाहेर काढला, आणि लगेच त्यात सुक्या कोळंबीचे सोडे भरून ठेवले.