कागदावरचं शिवणकाम

इन्कम टॅक्सचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरायचं ठरवलं, त्यामागं गरज होती तेवढाच ताठाही होता. अंथुर्ण्यात आमच्या ओसरीवर मी तीन वर्षं शिवणकाम करत होते. आधी ब्लाउज-परकर, मग शाळेचे गणवेश. एक शाळा पुढच्या वर्षाची सगळी ऑर्डर द्यायला तयार होती, पण दोन मशिनींवर ती उरकणार नव्हती. आणखी चार मशिनींसाठी बारामतीच्या एका बँकेत कर्ज मागायला गेले, तर साहेब म्हणाले, "आधी रिटर्न आणा, मग बोलू."

नवऱ्याचं इंदापूरला शेतीऔषधांचं दुकान. त्याचे कागद बारामतीचे एक वकील बघायचे. त्यांच्याकडं जायचं म्हणजे नवऱ्याला विचारणं आलं, आणि मी मॅट्रिक झालेली बाई, मला कशाला हवा वकील? त्या सुमारास एका पानाचा सोपा फॉर्म निघाला होता. आठ दिवस दुपारी डिक्शनरी घेऊन बसले. दोरा, अस्तर, काज-बटणं, वीजबिल, सगळं मांडलं. एका गिऱ्हाइकानं शिलाईच्या बदल्यात पायलीभर ज्वारी दिली होती, तिचाही बाजारभाव काढून लिहिला. इतकी मी प्रामाणिक! आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

फॉर्म घेऊन बारामतीच्या कचेरीत गेले. कारकुनानं नाव-गाव विचारलं, जाड रजिस्टर उलटलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"बाई, तुमची फाईल हाय की हितं. सात वर्षं झाली. आता दुसरी कशाला काढताय?"

"मी कधी भरलंच न्हाय."

तो आत जाऊन फाईल घेऊन आला. सही माझीच होती, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. धंद्याच्या जागी लिहिलं होतं शिवणकाम. सात वर्षांपूर्वी मी नवी नवरी होते आणि मला साधं बटण लावता येत नव्हतं. तरी सरकारदरबारी माझं शिवण जोरात चाललं होतं. कागदावरची ती बाई माझ्या तिप्पट कमवत होती.

मग आठवलं. दर वर्षी जुलैत नवरा घडी घातलेले कागद आणायचा, बोट ठेवून म्हणायचा, "हितं सही कर." मी कणकेचे हात पदराला पुसून सही करायची. आत काय आहे, एकदाही बघितलं नाही. अंगठा उठवणाऱ्या माझ्या सासूनं निदान विचारलं असतं.

घरी येऊन मी फॉर्म नवऱ्यासमोर ठेवला आणि कचेरीतल्या फाईलचं विचारलं. तो जेवत होता. त्यानं घास थांबवला नाही.

"अगं, समद्या दुकानदारांच्या बायका कागदावर शिवणकाम करत्यात. न्हायतर पापड. दुकानाचं उत्पन्न एकाच नावावर दाखवलं तर टॅक्स किती बसंल?"

"पण मी खरंच शिवते."

"मग बरंच की. आता खोटं तरी कुठं ऱ्हायलं?"

असा संताप आला की ताट उचलून अंगणात भिरकावावं. भिरकावलं नाही. भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडं मी एकटीच गेले. ते सभ्य माणूस. चहा मागवला, माझा फॉर्म नीट वाचला, ज्वारीच्या ओळीपाशी हसले. "ताई, फॉर्म अगदी बिनचूक भरलाय. पण हा दिला तर तुमचं उत्पन्न एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतं. कचेरी विचारणार, आधीचं कुठून आलं? चौकशी तुमच्या नावानं, कारण सह्या तुमच्या. आणि बँक म्हणेल, धंदा बुडाला. कर्ज विसरा."

"आणि मागच्यासारखाच दिला तर?"

"तर सात वर्षांचा चढता धंदा. बँक पंधरा दिवसांत देईल."

म्हणजे माझ्या घामाच्या शिवणकामाला कर्ज नव्हतं, न शिवलेल्या कपड्यांना होतं. मला त्या चार मशिनी हव्या होत्या. फार हव्या होत्या. नवऱ्याच्या दुकानावर न चालणारी एक तरी गोष्ट घरात असावी, एवढीच हाव होती, आणि तिचा रस्ताही त्याच्याच खोट्यातून जात होता.

वकिलांनी टाइपरायटरवर नवा फॉर्म चढवला. आकडा मोठा होता, मागच्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच. सगळा फॉर्म मी वरपासून खालपर्यंत वाचला, डिक्शनरीची गरज पडली नाही. मग सही केली.

पंधरा नाही, वीस दिवसांत कर्ज झालं. मशिनी आल्या, ऑर्डरही मिळाली. आधीच्या सात सह्या माझ्याकडून फसवून घेतल्या, असं मी आजही कुणालाही सांगू शकते. आठवी मी वाचून केली.