गालावरचा वारा

रोज पहाटे, बांगडे जाळ्यांवर मांडण्याआधी, तोमिएबाई मिठाच्या पाण्यात दोन बोटं बुडवायच्या, ती दोन्ही गालांना लावायच्या आणि गल्लीच्या मधोमध डोळे मिटून उभ्या राहायच्या. जो गाल आधी गार पडेल, तिकडून वारा. उजवा गाल डोंगराचा, डावा समुद्राचा. मग डोळे उघडून सुनेला सांगायच्या, "डोंगराचा आहे. दुपारपर्यंत होतील." किंवा, "समुद्राचा. आज रखडणार बघ."

सानाएच्या फोनवर वाऱ्याची दिशा बाणासकट दिसायची. लग्न होऊन कानेउरा या जपानी बंदरगावात आली त्या पहिल्या आठवड्यात तिने ती सासूबाईंना मोठ्या उत्साहाने दाखवली होती. तोमिएबाईंनी फोन हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला.

"ह्याला गाल आहेत का?"

तोमिएबाईंचं, म्हणजे इसोबेंचं, घर बंदरामागच्या गल्लीत शेवटून दुसरं. तोमिएबाई समोरच्या बेटावरून तिथे बाविसाव्या वर्षी आल्या, आणि नवरा चाळिशीतच गेल्यावर त्याच्याच जागी मासळीबाजारात लिलावाला उभ्या राहू लागल्या. बायकांनी कठड्याच्या आत यायचं नाही, असं तिथल्या पुरुषांनी सांगितलं. त्यांनी कठड्याबाहेर एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर चढून सगळ्यांच्या डोक्यांवरून बोली लावली. सात वर्षं. शेवटी त्या उंचीचा पुरुषांनाच त्रास व्हायला लागला तेव्हा त्यांनीच बाईंना आत घेतलं. बांगडा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडायची त्यांची सुरी घासून घासून बांबूच्या पानाएवढी उरली होती. नवी आणायची गोष्ट काढली की म्हणायच्या, "अजून कापते ना? मग तिला कशाला हाकलायचं?"

सानाएचा नवरा योशितो तेलाच्या टँकर जहाजावर होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात दोघीच. एक चिरायची, एक मांडायची.

मग गल्लीच्या पाठीमागे सातमजली इमारत आली. नव्या लोकांनी बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत घातले, आणि समुद्राचा वारा असला की इसोबेंच्या जाळ्यांवरचा वास थेट त्यांच्या चादरींत जाऊन बसू लागला. तिसऱ्या मजल्यावरची मिनेगिशी, इस्पितळात नर्स, एकदा गणवेश हातात घेऊनच खाली आली.

"आजी, वास घेऊन बघा. पेशंट विचारतात, सिस्टर, आज जेवणात मासे आहेत का?"

तोमिएबाईंनी खरंच वास घेतला. "कालचे आहेत. चांगले झाले होते."

"मी कपडे वाळत घालायचे कुठे?"

"मी बांगडे घालते तिथेच. उन्हात."

मिनेगिशी रागाने लाल होऊन निघून गेली आणि महिन्याभरात गल्लीची पाटी फिरली.

ही पाटी म्हणजे फळीला चिमट्याने लावलेला एक कागद. तो वाचायचा, आपल्या नावाच्या चौकटीत सहीऐवजी घराचा शिक्का उमटवायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. कचऱ्याचे दिवस, उत्सवाची वर्गणी, भूकंपाचा सराव, सगळं त्या पाटीवरून जायचं. 'नाही' म्हणायला त्यात चौकटच नव्हती. या वेळी लिहिलं होतं, की एप्रिलपासून गल्लीत उघड्यावर मासळी वाळवू नये. वाळवायची असल्यास यंत्र घ्यावं. सर्वांची संमती मिळाल्यावर नियम लागू होईल.

पाटी आली तेव्हा तोमिएबाई लिलावाला गेल्या होत्या. सानाए दारातच उभी राहिली. वीस लाल ठसे ओळीने होते आणि एकच चौकट रिकामी. त्या चौकटीवर तिचं आडनाव. पुढचं दार गल्लीच्या मंडळाचे प्रमुख कुराता यांचं होतं. पाटी त्यांच्याच शिक्क्याने निघायची आणि तिथे संपायची. सर्वांनी शिक्के मारले आणि इसोबेंनी अडवून ठेवलं, हे गल्लीत संध्याकाळपर्यंत झालं असतं. सानाएला अजूनही कोणी आपलं म्हणत नव्हतं; 'इसोबेंची सून' म्हणत. तिने खणातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि उमटवला. मग कुरातांच्या दाराला पाटी अडकवून धावतच घरी आली.

तोमिएबाई आल्या, बूट काढले, हात धुतले. सानाए चहा पुढे करत होती. त्यांची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. कडेला लाल शाई राहिली होती.

त्यांनी कप घेतला. चहा प्यायल्या. शनिवारी रोजच्यासारखे बांगडे चिरले. सानाएने अंगठा इतका घासला की कातडी सोलवटली.

रविवारी मंडळाची सभा. तोमिएबाई मासळीच्या एप्रनवरच गेल्या, सानाएला सोबत घेऊन. मिनेगिशी पुढच्या रांगेत होती. कुरातांनी कागद वर धरला.

"सर्वांची संमती आली आहे. तोमिएताई, तुमचे विशेष आभार. तुम्ही समजून घेतलंत."

"मी काही समजून घेतलेलं नाही, कुराता."

"पण शिक्का आहे ना इथे."

"शिक्का घराचा आहे. माझा नाही." त्यांनी एप्रनच्या खिशातून शिक्का आणि पेन काढलं आणि सानाएच्या मांडीवर ठेवलं. "चुकीचा शिक्का कसा रद्द करतात, तू लग्नाआधी नगरपालिकेत कामाला होतीस, तुला माहीत आहे."

माहीत होतं. नावावर दोन आडव्या रेघा, आणि रेघांवर पुन्हा तोच शिक्का.

"ताई, असं या पाटीवर कधी झालेलं नाही," कुराता म्हणाले. "दोन वर्षं मी प्रमुख आहे, माझ्या आधी माझे वडील होते…"

"तुझे वडील माझे बांगडे उधार न्यायचे. गप्प बस जरा." मग सानाएकडे वळून, शांत आवाजात, "मारलास तू. खोडायचा असेल तर तूच खोड. नाही खोडलास तर संध्याकाळी जाळ्या मी उतरवीन, आणि तुला एक शब्द बोलणार नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून काही करू नकोस. लोकांना मी क्रेटवरून बघितलंय. वरून टक्कल दिसतं सगळ्यांचं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. कुरातांचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

सानाए उठली. सगळ्या खोलीसमोर तिने कागद मागून घेतला. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी सरळ आली. मग तिने रेघांवर शिक्का दाबला, आणि जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"इसोबेंची संमती नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

मिनेगिशी उसळून उठली. "आणि माझे कपडे? माझं काय?"

"तू चुकीच्या दिवशी घालतेस," तोमिएबाई म्हणाल्या. "डोंगराचा वारा असला की वास समुद्रात जातो. त्या दिवशी जाळ्यांच्या खांबावर पांढरा टॉवेल लावीन. टॉवेल दिसला तर चादरी बाहेर घाल. नाही दिसला तर घरात वाळव. बांगडे मी रोजच घालणार."

"आणि वारा मध्येच फिरला तर?"

"तर टॉवेल उतरवीन. मला दुसरं काम काय आहे?"

नियम झाला नाही. कुरातांनी तो कागद फाइलमध्ये घातला आणि पुढची पाटी कचऱ्याची निघाली. मिनेगिशी पहिला महिनाभर टॉवेलकडे बघायचीच नाही. एक दिवस बाल्कनीतून तिचा आवाज आला, "आजी, आज उशीर झाला का?" तोमिएबाईंनी वर न बघता टॉवेल बांधला.

असं चार वर्षं चाललं. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ भरला. इस्पितळात जायला त्यांनी साफ नकार दिला, मिनेगिशीच रात्रपाळीवरून उतरून सुया द्यायला यायची, आणि त्या तिला म्हणायच्या, "तुझ्या हाताला साबणाचा वास येतो. शी!"

शेवटच्या सकाळी सानाएने पहाटेच टॉवेल लावला होता. बांगडे मांडून ती आत आली, ओल्या फडक्याने सासूबाईंचं तोंड पुसलं आणि हवा हवी म्हणाल्या म्हणून खिडकी उघडली. दुपारी त्या गेल्या. तोवर झोपेतच होत्या. पण झोप लागण्याआधी, खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटूनच त्या म्हणाल्या,

"टॉवेल उतरव. वारा फिरलाय. तिच्या चादरी बाहेर असतील."