दिव्याच्या जागेवर गुंजा

"ताई, तुमी उगं वाद घालू नका," हेडमास्तर म्हणाले. "परराज्यातली मुलगी. गुऱ्हाळ बंद झालं की जाणार. मी नाव घालायचं आणि नंतर गळती माझ्या शाळेची दिसायची."

दारात फूलमती उभी होती, लेकीचा, गुंजाचा हात धरून. ही माणसं यूपीची. आमच्या माजलगाव भागात धरणाच्या पाण्यावर ऊस लई. गूळ करायला हंगामात यांची कुटुंबं येतात आणि नेमकी तेव्हाच आमच्या जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला कर्नाटकात गेलेली असतात. बाहेरून आलेल्यांना इथं रेशन, दवाखाना, शाळा मिळवून द्यायची, हे माझं काम. संघटक म्हणतात त्याला. निम्मा वेळ ऑफिसातल्या बाकड्यांवरच जातो.

गेल्या हंगामात फूलमतीच्या थोरल्या मुलाचा पाय गुऱ्हाळाच्या कढईतल्या उकळत्या रसानं भाजला. तो अजून लंगडतो. गुंजानं दिवसभर त्या कढईपासून लांब, शाळेत बसावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी सरांना कायदा सांगितला. लेकरू वर्षात कधीही येवो, कागद असो-नसो, शाळेला नाकारता येत नाही. कायदा मलाही पाठ आहे, म्हणाले. डोकं तापलं माझं, पण उठले नाही. मी भांडून निघाले असते तर गुंजा परत कढईपाशीच गेली असती.

तेवढ्यात फोन वाजला. सरूचा. ही याच गावची, नवऱ्याबरोबर तोडीला गेलेली. तिची लेक दिव्या सरांची लाडकी. जाताना सरांनीच तिला शिक्षण हमी पत्र दिलं होतं, म्हणजे जाल तिथल्या शाळेनं हिला बसवून घ्यावं अशी चिठ्ठी. मी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"ताई, हितले मास्तर दिव्याला घेत न्हाईत. परराज्यातली हाय, दोन महिन्यांनी जानार, म्हनतात."

सरांनी हात पुढं केला. "द्या इकडं. सरू, त्यांना दे फोन."

मग सर जे बोलले, ते मी तासभर बोलत होते तेच. फक्त आवाज मोठा. लेकरू कुठल्या राज्यातलं ते विचारायचा अधिकार नाही तुम्हाला, माझ्या सहीला काही किंमत आहे की नाही, सगळं. पलीकडचे मास्तर सीमाभागातले, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही घेता का हो बाहेरची मुलं?" त्यांनी विचारलं.

फूलमतीला मराठी कळत नव्हती, ती आमच्या तोंडाकडं बघत होती. सरांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"घेतो की," ते म्हणाले. "आत्ताच एक घेतली."

फोन ठेवून त्यांनी गुंजाला आत बोलावलं. दिव्याची जागा रिकामी होती, तिथं गुंजा बसली.

तिकडं दिव्याला लगेच घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतःहून तिथल्या मास्तरांना परत फोन लावला. मी समोरच होते. "आमची गुंजा रोज येतीय," ते म्हणाले. "आमच्या दिव्याचं काय केलंत?" दुसऱ्या दिवशी दिव्या वर्गात बसली.

कायद्याचं पुस्तक अजून माझ्या पिशवीत असतं. पण आता घरून निघताना फोन आधी चार्ज करते.