सांगाल त्या भावात

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाव करत होतो. धाराशिवात माझं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. एका कंत्राटदाराच्या जुन्या मोटारींचा सौदा जुळत आला होता. फोनवर दत्ताची बायको रेखा होती, तेरहून. "दादा, हे जेवून आडवे झाले ते उठंनात... डॉक्टर येऊन बघून गेले," एवढंच बोलून ती रडायला लागली. मी "आलोच" म्हणालो, फोन खिशात घातला आणि समोरच्याला विचारलं, "हां, तर मग शेवटचं बोला." त्यानंच माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "शेठ, काय झालं?" तेव्हा कुठं मला कळलं की माझा मावसभाऊ गेला.

आम्ही दोघं तेरचे. दत्ता माझ्याहून लहान. मला दुकान नव्हतं तेव्हा एक सायकल होती आणि पाने-पकडींची पिशवी. विहिरीत पडलेल्या मोटारी काढून दुरुस्त करायच्या, हा माझा पहिला धंदा. खाली जाऊन मोटारीला दोर बांधायचा तो दत्ता. तो गाळात चाचपडत असायचा आणि मी काठावर मालकाशी मजुरीवरून भांडत असायचो. "मी स्वतःच्या दमावर वर आलो," असं मी लोकांना सांगतो. खरं कुणाच्या दमावर, ते सांगत नाही. पुढं दत्ता कोकणात गेला, पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्यांकडं लागला, शिकला, आणि बुडालेल्या जहाजांच्या आत शिरायला लागला. मावशी म्हणायची, "बुडालं ते बुडालं, त्यात काय बघायचं रं?" दत्ता नुसता हसायचा.

एकदा मी मालासाठी गोव्याला गेलो तर तो तिथं भेटायला आला. म्हणाला, "दादा, रीळ घ्यायचंय. तुमी बरोबर चला." जहाजाच्या आत गाळ उठला की आपला हात आपल्याला दिसत नाही. म्हणून बाहेर दोरीचं टोक बांधायचं, रिळावरून दोरी सोडत आत जायचं आणि तीच गुंडाळत बाहेर यायचं. त्यानं मला सोबत बोलावलं याचा मला अभिमान वाटला. खरेदी म्हणजे माझं काम! मी सगळ्यात चकचकीत रीळ उचललं, बंद डबीचं, दुप्पट दोरी मावणारं, आणि दुकानदाराला धरलं. दोनदा तो हात जोडून मागं सरला, दोनदा मी पायरी उतरलो, मधे चहा आला... शेवटी गडी मऊ झाला. आणि दत्ता कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला! माझ्या रिळाची दोरी त्यानं मुद्दाम सैल सोडली. ती डबीच्या आत जाऊन अडकली, बोट शिरेना. मग त्यानं एक उघडं, ओबडधोबड रीळ घेतलं, त्याचीही दोरी अडकवली आणि डोळे न उघडता बोटांनी सोडवली. मला म्हणाला, "दादा, रीळ कोणतंबी असू द्या, कधीतरी अडकतंच. अडकल्यावर बोट पोचलं पायजे." आणि दुकानदाराकडं वळून म्हणाला, "हे द्या. सांगाल त्या भावात."

सांगाल त्या भावात... माझ्यासमोर! दुकानदारानं माझ्याकडं बघून जे हसू दाबलं ते मी आजही विसरलेलो नाही. बाहेर येऊन मी तोंडात येईल ते बोललो. "अब्रू काढलीस माझी. तेच रीळ मी अर्ध्यात आणलं असतं." तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय दादा, आणलं असतं. पण मयताच्या सामानाचा भाव करत न्हाईत ना, तसंच हाय हे. आत अंधारात ती दोरी हातात असती. तवा मला ही घासाघीस आठवाय नको."

मला पटलं नाही. लग्नाकार्यात तो दिसला की मी चारचौघांत ओरडायचो, "आले आमचे सांगाल-त्या-भावात शेठ!" लोक हसायचे, तोही हसायचा. यंदा उन्हाळ्यात सुट्टीवर तेरला आला तेव्हा एकदा दुकानात येऊन बसला. मी मुद्दाम गिऱ्हाइकांशी बोलत राहिलो. चहा पिऊन तो उठला, "येतो दादा" म्हणाला, पायरी उतरून क्षणभर थांबला. पायरी उतरलेल्या गिऱ्हाइकाला मागून हाक मारायची, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. त्याला मी हाक मारली नाही.

त्याच सुट्टीत रेखाचा तो फोन आला. तेरला निघताना सामान मीच घेतलं. कोरं कापड, मडकं, गुलाल, सुतळी. म्हाताऱ्या दुकानदारानं आकडा सांगितला आणि माझं तोंड आपोआप उघडलं, "लावून घ्या की नीट, बाहेर स्वस्त मिळतंय." म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. हळूच म्हणाला, "मालक, ह्या सामानाचा भाव करत नसतेत." मागं उभी असलेली दोन माणसं जमिनीकडं बघायला लागली. मी "सांगाल ते" असं काहीतरी पुटपुटलो. ते कापड मांडीवर घेऊन तेरपर्यंत मी मान वर केली नाही.

तेराव्यानंतर रेखानं ते रीळ माझ्या हातात दिलं. "ते म्हणायचे, दादाचा राग ह्या रिळावर हाय, माझ्यावर न्हाय. तुमच्याकडंच ठिवा." मी ते गल्ल्यामागं खिळ्याला टांगलंय. कधी कधी त्याच्याकडं बघून माझं डोकं तापतं अजून. अर्ध्यात आणलं असतं मी, हे खरंच आहे. मग त्या म्हाताऱ्याचं बघणं आठवतं आणि मी नजर काढून घेतो.

परवा तेरखेड्याचा एक शेतकरी मोटारीला दोर घ्यायला आला. रिळाकडं बोट दाखवून म्हणाला, "शेठ, हे कितीला?" आणि माझ्या तोंडून भाव निघून गेला. निघून गेला... मी आवरायच्या आत. त्यानं रीळ लांबूनच निरखलं, मान हलवली. "लई होतंय," म्हणाला आणि पायरी उतरला. खाली जाऊन थांबला, सगळे थांबतात तसा.

मी मागून हाक मारली नाही.