नकाशावर आईचं बोट

आईच्या तांदळाच्या भाकऱ्या ऑनलाइन विकायचं खूळ माझंच. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, मग मोबाइलच्या नकाशावर दुकानाची खूण करायची राहिली. दुकान म्हणजे आमचं स्वयंपाकघरच. मी फोन आईपुढे धरला. "आपलं घर आहे ना, तिथं बोट ठेव."

ती बराच वेळ नकाशा सरकवत राहिली, खाडीच्या कडेकडेनं सावकाश चालत असल्यासारखी. बोटाखाली निळा-हिरवा रंग पाण्यासारखा हलत होता. मग तिनं बोट टेकवलं आणि जराशी हसली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, इथं तर विमानतळाचं कुंपण आहे. दुकान कुठंय?"

मी कपाळाला हात लावला. विमानतळासाठी आमचं खाडीकाठचं गाव उठलं आणि आम्ही विचुंबे गावातल्या फ्लॅटमध्ये आलो, त्याला वर्षं लोटली. आईनं जुन्या घरावर बोट ठेवलं होतं.

"काय गं आई! आता लोकांना काय सांगू?" मी करवादले.

तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या अनोळखी माणसाला हळूच विचारलं, "दादा, तुमी तिथंच उभे ना? खाडीचा वारा हाय काय वो अजून?"